टाकीऐवजी प्रोसेसर

कुणीतरी हे मुद्दाम करतंय. नाव मी घेणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण आमच्या नळाला पाणी नेमकं कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, हे या शहरात कुणाला तरी ठाऊक असतं आणि तो माणूस ते सांगत नाही, एवढं नक्की. तो कुठंतरी निवांत चहा पीत बसलेला असणार (पाण्याची त्याला काय कमतरता), आणि इकडं आम्ही शिकलेली, कर भरणारी, न चुकता मतदान करणारी माणसं नळाच्या तोंडाला कान लावून बसलोय.

हा आरोप मी पहिल्यांदा केला तेव्हा समोर फक्त माझी बायको वैदेही होती आणि ती मोजक्या पाण्यात तांदूळ धूत होती. ती म्हणाली, "मग आपण दुसरी टाकी घेऊ. पैसे बाजूला ठेवलेतच."

साधं वाक्य होतं. त्याला मी हो म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आम्ही राहतो चिकलठाण्याच्या पुढं. पाच वर्षांपूर्वी इथं बाजरी होती, आता रो-हाउसं आहेत. शहर मोठ्या हौसेनं इथपर्यंत चालत आलं, पाइपलाइन मात्र दमून मागं राहिली. त्यात लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं. पेपरात पहिल्या पानावर धरणाचा उतरता आकडा आणि शेवटच्या पानावर नव्या फ्लॅटच्या जाहिराती. आमच्या गल्लीची पाण्याची पाळी आठ दिवसांनी येते, कधी नऊ, आणि पाऊण तासात संपते. ज्याची मोटर चालू त्याला पाणी. ज्याची बंद, त्याच्या नळातलं पाणी शेजाऱ्याची मोटर ओढून नेते. गच्चीवर आमची एकच टाकी, पाचशे लिटरची, आधीच्या मालकानं ठेवून दिलेली.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवतो. (म्हणजे तास झाला तर मानधन, नाही झाला तर समाजसेवा.) त्यामुळं वेळ भरपूर आणि संताप त्याहून भरपूर. मी ठरवलं होतं, जे कुणी सांगत नाही ते आपण शोधून काढायचं. गल्लोगल्ली माणसांना मोबाइलवर फॉर्म भरायला लावला: पाणी कधी आलं, किती वेळ राहिलं, जोर कसा होता. दोनशे बारा घरांची माहिती जमली. त्यात धरणाची पातळी घातली, वीज जाण्याच्या वेळा घातल्या, सणवार घातले. या सगळ्यावरून पुढची पाळी कधी येणार याचा अंदाज करणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. अडचण एकच होती. माझा कॉम्प्युटर कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचा. सकाळी त्याला प्रश्न विचारला की तो संध्याकाळी उत्तर द्यायचा, आणि मधले सहा तास त्याचा पंखा चिकलठाण्याच्या विमानतळाला उत्तर देत राहायचा.

म्हणून मी वैदेहीला म्हणालो, "टाकी नको. प्रोसेसर घेऊ."

तिनं तांदळातून हात बाहेर काढला.

मी तिला नीट समजावून सांगितलं. माणूस पाणी साठवतो, कारण पाणी कधी येणार हे त्याला माहीत नसतं. टाकी म्हणजे आपल्या अज्ञानाचं गच्चीवर ठेवलेलं काळं स्मारक. ज्याच्याकडं माहिती आहे त्याला साठवण कशाला लागेल? सोळा कोरचा नवा प्रोसेसर आला की उत्तर मिनिटात मिळेल, आपल्यालाच नाही तर अख्ख्या गल्लीला मिळेल, आणि कुठंतरी चहा पीत बसलेला तो माणूस उघडा पडेल.

वैदेही चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासते. (घरी आल्यावरही तपासणी थांबत नाही.) तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोर सोळा असले तरी नळ एकच आहे ना?"

मी म्हणालो की प्रश्न नळाचा नाही, दृष्टीचा आहे. ती म्हणाली, बरं. आमच्या घरात 'बरं' या शब्दाचे सतरा अर्थ आहेत आणि त्यातला एकही होकाराचा नाही. पण मी घाईतला माणूस, होकार समजून जुना कॉम्प्युटर पायाशी ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

कॉम्प्युटरच्या दुकानातला बद्रीनाथ माझ्या ओळखीचा. त्यानं माझा प्रोग्राम चालवून बघितला, एक आलेख उघडला आणि विक्रेत्याला न शोभणारं काम केलं. तो म्हणाला, "सर, घेऊ नका."

मी कारण विचारलं.

"तुमचा जुना प्रोसेसर अर्धा वेळ रिकामा बसलाय बघा. काम करत नाहीये, माहितीची वाट बघतोय. डिस्क जुनी आहे, प्रोग्रामही जरा लांबण लावतोय. नवा प्रोसेसर घेतला तर तोही वाटच बघणार. फक्त लई जोरात बघणार."

त्याचं म्हणणं असं की साधी नवी डिस्क टाकावी, प्रोग्राम सुटसुटीत करावा आणि उरलेल्या पैशात घरच्यांना वेरूळ फिरवून आणावं. प्रामाणिक माणूस. पण मी ज्या मनःस्थितीत होतो तीत प्रामाणिक माणूस संशयास्पदच वाटतो. मला वाटलं, यालाही कुणीतरी सांगून ठेवलंय.

मी घेतलाच. मग बद्रीनाथनं एकेक गोष्ट उलगडायला सुरुवात केली. या प्रोसेसरला जुना बोर्ड चालत नाही, नवा लागतो. नव्या बोर्डाला नवी मेमरी, नवी डिस्क. या सगळ्याला वीज पुरवणारा मोठा डबा, त्याचा प्लग जाड पिनांचा, मोटरला किंवा गिझरला असतो तसा. आणि प्रोसेसर तापतो, त्यामुळं त्याला पंखा पुरत नाही, नळ्यांतून पाणी फिरवणारा कूलर लागतो.

मी विचारलं, "हे पाणी किती दिवसांनी भरायचं?"

"भरायचं नाही, सर. एकदा आत आहे ते आहे. पाच वर्षं फिरत राहतं."

हे वैदेहीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या काळ्या पेटीकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात चोवीस तास पाणी आहे म्हणायचं. फक्त त्याला."

आता त्या जाड प्लगचं. आमच्या घरात तसे पॉइंट दोनच. एक बाथरूममध्ये गिझरचा (तिथवर मोटरची वायर पोचत नाही) आणि दुसरा जिन्याखाली, पाण्याच्या मोटरचा. मी जिन्याखाली टेबल टाकलं, मोटरचा प्लग काढला, कॉम्प्युटरचा लावला. मोटर काय, आठ दिवसांतून पाऊण तास लागते. आणि ती कधी लागणार हे तर आता आपल्याला आधीच कळणार होतं. व्यवस्था इतकी तर्कशुद्ध होती की मलाच माझं कौतुक वाटलं.

यंत्र सुरू केलं. सहा तासांचं काम दोन मिनिटांत झालं. उत्तर आलं: शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, खात्री चौऱ्याण्णव टक्के. पडताळा म्हणून तोच प्रश्न जुन्या कॉम्प्युटरला घातला. सहा तासांनी त्यानंही तेच सांगितलं: शनिवार, सहा दहा, चौऱ्याण्णव टक्के. म्हणजे आमची पाच तास अठ्ठावन्न मिनिटं वाचली होती. ती कुठं वापरायची हे मात्र ठरलेलं नव्हतं, म्हणून त्या वेळात मी नव्या यंत्राला तोच प्रश्न आणखी चाळीस वेळा विचारला.

त्या शनिवारला एरवीपेक्षा जास्त महत्त्व होतं, कारण त्याच्यानंतर रविवार येत होता आणि रविवारी अण्णा जेवायला येणार होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, श्रीधरराव. वैजापूरच्या कोर्टात त्यांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि एकाही कागदाची घडी चुकवली नाही. मुलगी एकच, वैदेही. आणि अण्णांचा नियम असा की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. जेवण तर दूरच. लग्नाला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत ते चार वेळा एसटीनं आले, तासभर बसले, आणि तहान लागली की पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढायचे. तो पितळी तांब्या, त्याचं झाकण उघडताना होणारी ती किर्रर्र, हे वैदेहीला सहन व्हायचं नाही. ती दर वेळी पेला भरून समोर ठेवायची, आणि ते गेल्यावर तोच भरलेला पेला उचलून पाणी झाडाला घालायची. बोलायची काही नाही.

मी बोलायचो. ही प्रथा कशी स्त्रीविरोधी आहे यावर मी अण्णांना दुसऱ्याच भेटीत पंचेचाळीस मिनिटं समजावलं होतं (माझा तास तेवढाच असतो). त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा झाकणाची किर्रर्र केली.

जे माझ्या व्याख्यानानं झालं नाही ते वैदेहीनं एका फोनवर केलं. अण्णा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. तिनं सांगितलं, निवृत्तीचं जेवण माझ्या घरी. नाहीतर यापुढं मी वैजापूरला येईन, पण तिथलं पाणी पिणार नाही, माझाही तांब्या घेऊन येईन. मग अण्णा म्हणाले, "येतो."

त्यामुळं रविवारी अण्णा, सासूबाई आणि कोर्टातले त्यांचे जुने सोबती मिळून चौदा पानं होती. पण वैदेहीचं लक्ष चौदा पानांकडं नव्हतं. तिचं लक्ष एका पेल्याकडं होतं.

गुरुवारी मी अंगणात असताना शेजारच्या चतुराबाई भिंतीपाशी आल्या. चतुराबाई मूळच्या कन्नडकडच्या, मुलगा इथं कारखान्यात, सूनही नोकरीला, आणि गच्चीवर दोन हजार लिटरच्या दोन टाक्या. (अज्ञानाची जुळी स्मारकं, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालो होतो. त्यांना ते कौतुक वाटलं.) पाणी सोडणारा लाइनमन रामकिसन लांबलचक लोखंडी चावी मोटरसायकलला बांधून फिरतो. तो गल्लीत आला की चतुराबाईंकडं चहा ठरलेला.

चतुराबाई म्हणाल्या, "सर, ह्या बारीच्या पान्याचं रामकिसन काय म्हनला, ऐकलं का..."

मी त्यांना तिथंच थांबवलं. मी म्हणालो, काकू, या ऐकीव गोष्टींवर आता आपल्याला अवलंबून राहायचं नाही. पाणी शनिवारी सकाळी सहा दहाला येणार आहे. यंत्रानं सांगितलंय.

"व्हय, पन त्यो म्हनला की..."

"काकू, विज्ञानावर विश्वास ठेवा."

चतुराबाईंनी माझ्याकडं जरा मायेनं बघितलं, जसं तापलेल्या पोराकडं बघतात, आणि भाजी निवडायला गेल्या.

शुक्रवारी सकाळी वैदेही कामावर निघताना म्हणाली, पडदे आणि चादरी धुवायच्या होत्या, पण टाकीत पाणी बेताचंच आहे, राहू दे. मी म्हणालो, राहू दे कशाला, उद्या सकाळी टाकी पुन्हा भरणारच आहे.

"नक्की?"

"चौऱ्याण्णव टक्के."

"आमच्याकडं गोळी चौऱ्याण्णव टक्के भरली तर अख्खा माल परत जातो," ती म्हणाली आणि गेली.

मला तास नव्हते. मी पडदे धुतले. चादरी धुतल्या. मग उत्साह आवरेना म्हणून जिना धुतला, अंगण धुतलं, स्कूटर धुतली. दुष्काळी वर्षात असं मोकळ्या हातानं पाणी वापरताना एक वेगळंच स्वातंत्र्य वाटत होतं. माहितीनं माणूस किती निर्भय होतो हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी अडीचच्या सुमारास टाकीनं गुळगुळ आवाज केला आणि ती रिकामी झाली.

तीन वाजता मी नव्या यंत्रावर शेवटचा अंदाज चालवत होतो. भिंतीपलीकडून चतुराबाईंचा आवाज आला, "सर, पानी आलंय बरं का."

मी म्हणालो, आज येऊ शकत नाही.

"नळ बघा की."

मी नळ बघितला. नळाला पाणी होतं. चांगलं बोटाएवढ्या धारेचं, स्वच्छ, आणि माझ्या गणितानुसार पूर्णपणे चुकीचं.

यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मोटर लावली असती. मी आत पळालो आणि ही नोंद यंत्रात भरली, कारण एवढी ताजी नोंद दोनशे बारा घरांत कुणाकडंच नव्हती. यंत्रानं दोन मिनिटं विचार केला आणि नवा अंदाज दिला: पाणी आज, दुपारी तीन वाजता येईल. खात्री नव्याण्णव टक्के. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर अभिमान वाटला.

मग मोटर आठवली. मोटरचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्याच्या पॉइंटमध्ये कॉम्प्युटर होता. मी कॉम्प्युटर बंद करायची आज्ञा दिली. स्क्रीन निळी झाली आणि त्यावर अक्षरं आली: अपडेट सुरू आहे, चार टक्के पूर्ण, कृपया संगणक बंद करू नका.

बद्रीनाथनं मला पेटी देताना बजावून सांगितलं होतं: सर, काहीही करा, पण अपडेट चालू असताना प्लग ओढू नका. ओढलात तर यंत्र परत सुरू होईल याची हमी मी देत नाही.

मी मोटरचा प्लग एका हातात धरून उभा राहिलो. दुसरा हात कॉम्प्युटरच्या प्लगवर. समोर चार टक्के. बाहेर नळाची धार. उजवीकडून चतुराबाईंची मोटर सुरू झाल्याचा आवाज, मग डावीकडच्या घरातली, मग समोरची. प्रत्येक मोटरगणिक आमची धार एक बोट बारीक होत गेली. अकरा टक्के. मी नळाखाली बादली लावून परत आलो. एकोणीस टक्के. (सोळा कोर होते. सोळाही बहुतेक वाटच बघत होते, आणि बद्रीनाथ म्हणाला तसंच, लई जोरात.) तो प्लग दोनदा मी अर्धा ओढला आणि पुन्हा आत ढकलला. टाकीचे पैसे त्या पेटीत होते. ती पेटी मेली तर ना टाकी, ना यंत्र, आणि वैदेहीचं सतरा अर्थांचं 'बरं' ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

शंभर टक्के झाले तेव्हा पावणेचार वाजले होते. मी मोटर लावली. मोटरनं हवा ओढली. चतुराबाई भिंतीवरून म्हणाल्या, "गेलं आता, बंद करा, जळंल ती."

अडीच बादल्या. पुढच्या आठ दिवसांसाठी आणि चौदा पानांसाठी माझ्याकडं अडीच बादल्या पाणी होतं, आणि दोरीवर गल्लीतले सगळ्यात स्वच्छ पडदे.

संध्याकाळी वैदेही आली. मी सगळं खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाथरूममध्ये गेली, त्या बादल्यांजवळ थोडा वेळ उभी राहिली. मग एक पातेलं भरून घेतलं, गाळलं, उकळलं आणि निवल्यावर तांब्याच्या लोटीत भरून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर झाकून ठेवलं.

"याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, एवढ्याशा पाण्यानं काय होणार?

"लागेल."

शनिवारी मी टँकरवाल्यांना फोन लावले. शहराबाहेरच्या सगळ्या नव्या वसाहती त्याच फोनवर होत्या. मंगळवारच्या आधी कुणीच यायला तयार नव्हतं. (आणि हो, त्या दिवशी सकाळी सहा दहाला मी नळापाशी स्टूल घेऊन बसलो होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी नळानं एक लांब सुस्कारा टाकला. बस, तेवढंच.) दहाच्या सुमारास भिंतीवरून हिरव्या पाइपचं तोंड आत आलं आणि मागोमाग चतुराबाईंचं.

"टाकीत सोडा ह्यो. दोन भरल्यात माझ्या. पावन्याची काय मापं काढायची असत्यात का?"

मी आभार मानले आणि जुळ्या स्मारकांबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते काय म्हनले व्हते तुमी, मला कळलंच नव्हतं."

रविवारी अकरा वाजता पाहुणे आले. अण्णा धुवट पांढऱ्या सदऱ्यात, खांद्याला तीच पिशवी. पिशवीच्या तोंडातून फिरकीच्या तांब्याचं झाकण दिसत होतं. वैदेहीनं ते बघितलं आणि पेला भरून त्यांच्यासमोर धरला. पन्हं, सरबत काही नाही. पाणी.

अण्णांनी पेला हातात घेतला. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. कोर्टातले सोबती, त्यांना हा सगळा इतिहास ठाऊक असावा, छताकडं बघायला लागले. अण्णांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि माणूस अवघडला की काहीतरी विचारतो तसं मला विचारलं, "नळाचं का हो, हिमांशूराव?"

आता इथं 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण मी पारदर्शकतेसाठी दोनशे बारा घरांचे फॉर्म भरून घेतलेला माणूस. कुणीतरी कुठंतरी पाण्याबद्दल खरं सांगत नाही म्हणून माझी सगळी तक्रार. मी म्हणालो, "खरं सांगायचं तर शेजारच्या चतुराकाकूंचं आहे. आमची टाकी भरली नाही."

अण्णांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती मी कधी विसरणार नाही. छत्तीस वर्षांच्या कारकुनाला नियमात बसणारी पळवाट सापडली होती.

"म्हणजे शेजारचं," ते म्हणाले. "मग काहीच हरकत नाही." आणि त्यांनी तो पेला एका घोटात संपवला.

वैदेहीनं माझ्याकडं बघितलं. मी पडद्यांकडं बघितलं. ती आत गेली. मला वाटलं, आता ती दिवसभर बाहेर येत नाही. पण ती लगेच आली, हातात ती झाकलेली लोटी. तिनं रिकाम्या पेल्यात त्यातलं पाणी ओतलं. आवाज अगदी साधा होता.

"अण्णा, ते शेजारचं होतं. हे माझ्या नळाचं. ह्यांनी शुक्रवारी बादली लावून धरलंय. पुढच्या पाळीपर्यंत घरात आमचं असं एवढंच पाणी आहे."

अण्णांनी पेल्याकडं बघितलं, लोटीकडं बघितलं, मग बराच वेळ लेकीकडं. ती शाळेत असताना हट्ट करायची तेव्हाही असंच बघत असतील बहुतेक.

सासूबाई म्हणाल्या, "घ्या की आता. पोरगी उभी आहे."

त्यांनी पेला उचलला आणि प्यायले. घाई न करता, एकेक घोट. पेला खाली ठेवून मिशी पुसली आणि म्हणाले, "चव तीच आहे की."

मग त्यांनी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. किर्रर्र झाली. वैदेहीच्या खांद्यांनी ती ओळखली, पण अण्णांनी तांब्या तोंडाला लावला नाही, तिच्या हातात दिला. "वैजापूरचं आहे. झाडाला घाल. वाया घालवू नकोस, वर्ष वाईट आहे."

वैदेही अंगणात गेली ती बऱ्याच वेळानं आली. डोळ्यांबद्दल मी लिहिणार नाही, तिनं मला तशी ताकीद दिली आहे.

पंगत छान झाली. चतुराबाईंना बोलावलं होतं; त्या येताना रामकिसनला घेऊन आल्या. जो पाणी सोडतो त्याला आज जेवायला घालायला नको का, असं त्यांचं म्हणणं. रामकिसन जिन्याजवळच्या पानावर बसला, म्हणजे बरोबर माझ्या यंत्रासमोर. काळ्या पेटीतले रंगीत दिवे बघत तो जिलबी खात होता. त्यानं विचारलं, हे काय हाय, साहेब?

मला राहवलं नाही. मी वाढणं सोडून त्याच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं: फॉर्म, धरणाची पातळी, सोळा कोर, शनिवार, सहा दहा. शेवटी विचारलं, आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं करून अंदाज चुकला कुठं?

रामकिसन जिलबी चावायचा थांबला. "चुकला कुठं? शनवारचीच पाळी व्हती तुमची. सकाळी सहाला चावी फिरवतो म्या, पानी पोचायला धा मिंटं लागत्यात."

मी ताडकन उभा राहिलो. मी वैदेहीला हाक मारली, अण्णांना हाक मारली, कोर्टातल्या सोबत्यांना इकडं बघायला सांगितलं. मी म्हणालो, ऐका, शनिवार सहा दहाच होतं, मिनिटाचाही फरक नव्हता, यंत्र बरोबर होतं. अण्णा हातातला घास हातातच ठेवून माझ्याकडं बघत होते. मग मी रामकिसनकडं वळलो, साक्षीदाराकडं वळावं तसा, आणि विचारलं, "मग शुक्रवारी पाणी कसं काय आलं?"

"तुमच्यासाठीच अलीकडं घेतलं की. मागल्या गल्लीसंगं पाळी बदलली. ताईचे वडील पहिल्यांदा जेवाया यायलेत, शनवारी लाइट गेली तर फजिती व्हईल, असं चतुराबाई म्हनल्या. तुमाला सांगा म्हनून म्या त्यांना सांगितलं बी व्हतं गुरुवारी."

चतुराबाईंनी वरण वाढून घेतलं आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. रामकिसननं उरलेली जिलबी तोंडात टाकली आणि त्या काळ्या पेटीकडं, तिच्या आत चोवीस तास फिरणाऱ्या पाण्याकडं, जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"एवढं समदं ठाऊक हाय त्याला," तो म्हणाला, "मंग पावने तुमच्याच घरी यायलेत, एवढंच नाय कळलं व्हय?"